कशासाठी जवळ येतात: जोडप्यांतील कामेच्छा, भावना आणि ताण

वर्षानुवर्षे एकत्र राहणाऱ्या जोडप्यात शरीरसंबंध का घडतो आणि का थांबतो, याचा शोध घेताना मानसशास्त्र तीन गोष्टी वेगळ्या ठेवते. पहिली उद्दीपन, म्हणजे शरीरात होणारे बदल: रक्तप्रवाह, श्वास, नाडी. दुसरी इच्छा, म्हणजे मनाची ओढ. तिसरी प्रेरणा किंवा हेतू, म्हणजे त्या जवळिकीतून माणसाला काय मिळवायचे किंवा काय टाळायचे असते. तिन्ही बहुधा हातात हात घालून येतात, म्हणून त्या एकच वाटतात. पण इच्छा नसताना उद्दीपन होऊ शकते, इच्छा असून शरीर साथ देत नाही, आणि दोन्ही नसताना केवळ घरात कुरबूर नको म्हणून होकार दिला जातो. जोडप्यांच्या तक्रारींचा बराचसा भाग या तिसऱ्या गोष्टीत असतो आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही. विचारले जाते ते 'किती वेळा'.

भारतीय परंपरेला हा भेद अगदीच अपरिचित नव्हता. वात्स्यायनाच्या कामसूत्राने प्रीतीचे चार उगम सांगितले आहेत: सवय, कल्पना, विश्वास आणि प्रत्यक्ष इंद्रियविषय. म्हणजे शरीराची ओढ हा चारांतला एकच उगम झाला. आधुनिक काळात मात्र या विषयाची शिस्तशीर चर्चा भारतात सुरुवातीला ज्या शहरांत उभी राहिली त्यांपैकी एक कोलकाता होय.

तेथील डॉक्टर गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) यांनी १९१० मध्ये वैद्यकाची पदवी घेतली, काही वर्षे रुग्ण तपासले आणि मग ते मनाच्या आजारांकडे वळले. कलकत्ता विद्यापीठाने त्यांना १९२१ मध्ये दमन या संकल्पनेवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट दिली. तो प्रबंध त्यांनी व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉईड यांच्याकडे पाठवला आणि तेथून सुरू झालेला पत्रव्यवहार १९३७पर्यंत चालला. दोघांची भेट कधीच झाली नाही. १९२२ मध्ये बोस यांच्या १४, पारसीबागान लेन येथील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. त्याच घरात त्यांचे बंधू राजशेखर, म्हणजे 'परशुराम' या नावाने लिहिणारे बंगालीतले मोठे विनोदकार, मित्रांच्या मैफली भरवत. नेणिवेची चर्चा आणि विनोदाची मैफल एकाच छपराखाली नांदल्याचे असे उदाहरण विरळाच.

बोस फ्रॉईडचे नुसते अनुयायी नव्हते. त्यांचा स्वतःचा सिद्धांत परस्परविरोधी इच्छांचा होता. प्रत्येक इच्छेबरोबर तिची उलटी इच्छाही मनात जन्म घेते, असे ते मानत. मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, प्रेम करण्याच्या इच्छेबरोबर प्रेम करवून घेण्याची. दोहोंपैकी एक जाणिवेत राहते, दुसरी दबते. दबलेली इच्छा माणूस समोरच्याशी एकरूप होऊन पुरी करून घेतो. उपचार म्हणजे या दडलेल्या जोडीदार इच्छेला वर येऊ देणे. फ्रॉईड यांना हा सिद्धांत पूर्णपणे पटला नाही, आणि आजच्या प्रायोगिक मानसशास्त्रात तो जसाच्या तसा कोणी वापरत नाही. तरीही जोडप्यांच्या बाबतीत तो लावून पाहण्यासारखा आहे. रोज पुढाकार घेणाऱ्या आणि नकाराने चिडणाऱ्या नवऱ्याच्या आत 'कोणीतरी मला जवळ घ्यावे' ही इच्छा असू शकते. सतत अंग चोरणाऱ्या बायकोच्या आत स्वतःच्या मर्जीने जवळ जाण्याची इच्छा असू शकते, पण तिला वेळच मिळत नाही, कारण मागणी नेहमी आधी येऊन उभी राहते. दोघांच्या वागण्यातून दिसते ती अर्धीच इच्छा.

योगायोगाने १९२१ हेच वर्ष महाराष्ट्रातही महत्त्वाचे ठरले. र. धों. कर्वे यांनी त्या वर्षी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. १९२७पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. बोसही १९५३ मध्येच गेले. कर्वे यांचा रोख शरीरशास्त्र, आरोग्य आणि स्त्रीच्या सुखाच्या हक्कावर होता, तर बोस यांचा मनाच्या आतल्या ओढाताणीवर. मराठी वाचकाला पहिला वारसा ठाऊक आहे, दुसरा फारसा नाही. आजच्या संशोधनाचा कल पाहता दोन्ही लागतात.

हेतूंची मोजणी प्रत्यक्षात सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिन कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लैंगिक हेतूंची सहा गटांत मांडणी केली: जवळीक, आनंद, स्वतःबद्दल बरे वाटणे, मनाच्या त्रासाला तोंड देणे, जोडीदाराची मर्जी राखणे आणि बरोबरीच्यांमध्ये मान मिळवणे. २००७ मध्ये सिंडी मेस्टन आणि डेव्हिड बस यांनी लोकांना सरळच विचारले, तेव्हा एकंदर २३७ वेगवेगळी कारणे हाती आली. त्यांत प्रेम व आकर्षण होतेच, पण कंटाळा घालवणे, डोकेदुखी थांबवणे, सूड घेणे आणि कर्तव्य पार पाडणे हेही होते.

या सगळ्या कारणांना एका साध्या रेषेने दोन बाजूंना विभागता येते, हे एमिली इंपेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले. एका बाजूला काही मिळवण्यासाठीचे हेतू: सुख, जवळीक, जोडीदाराचा आनंद. दुसऱ्या बाजूला काही टाळण्यासाठीचे: भांडण, जोडीदाराची नाराजी, तो किंवा ती आपल्याला सोडून जाईल ही भीती, 'नाही' म्हटल्याची टोचणी. रोजच्या नोंदवह्यांतून असे दिसले की पहिल्या प्रकारच्या हेतूने जवळ आल्याच्या दिवशी मन प्रसन्न असते आणि नात्याबद्दल समाधान वाढते. दुसऱ्या प्रकारच्या हेतूने जवळ आल्यास चीड, खिन्नता आणि कटकटी वाढतात. जे भांडण टाळायचे म्हणून होकार दिला, तेच पुढे वाढून येते. पुढच्या अभ्यासांत एक गोष्ट आणखी स्पष्ट झाली. एकाचा हेतू टाळण्याचा असेल तर दुसऱ्याचेही समाधान घटते. कोणी बोलून दाखवले नाही तरी जोडीदाराला कळतेच.

येथे भारतीय घरांपुरती एक पुस्ती जोडायला हवी. आपल्याकडे टाळण्याच्या हेतूला बहुधा कर्तव्याचे नाव दिले जाते. स्त्रीला लग्नाआधी 'सांभाळून घे' असे सांगितले जाते आणि त्या सांभाळण्यात शरीरही येते. स्वतःच्या खुशीने जोडीदारासाठी काही करणे वेगळे आणि धाकाने करणे वेगळे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने लैंगिक छळ हा घरातल्या हिंसेचाच भाग मानला आहे. धाक असलेल्या घरात 'प्रेरणेचा अभाव' हे निदान करणे म्हणजे आजार चुकीच्या माणसाला चिकटवणे आहे.

आता भावनांकडे. मन उदास असले की इच्छा मरते, हा सर्वसाधारण अनुभव बहुतेकांच्या बाबतीत खरा आहे. पण सर्वांच्या नाही. अमेरिकेतील किन्झी संस्थेत जॉन बॅन्क्रॉफ्ट आणि एरिक यान्सेन यांनी मांडलेल्या प्रारूपानुसार कामेच्छेला गाडीसारखा एक अ‍ॅक्सिलरेटर आणि एक ब्रेक असतो, आणि प्रत्येकाच्या दोन्हींची संवेदनक्षमता जन्म, अनुभव व सवयीने निराळी घडलेली असते. चिंता आणि खिन्नता बहुतेकांचा ब्रेक दाबतात. मात्र काही माणसांमध्ये त्याच भावनांनी इच्छा वाढते. अशा माणसाला शरीरसंबंध म्हणजे एकटेपणावरचा, अपयशावरचा किंवा बेचैनीवरचा उतारा वाटतो. एका घरात एकाचा ब्रेक आणि दुसऱ्याचा अ‍ॅक्सिलरेटर एकाच वाईट बातमीने दाबला गेला, तर गैरसमजाला वेगळे कारण लागत नाही. नोकरी गेल्याच्या रात्री एकाला जवळ यावेसे वाटते आणि दुसऱ्याला ते निर्दयपणाचे वाटते. प्रत्यक्षात दोघेही एकाच धक्क्याला आपापल्या परीने तोंड देत असतात.

राग ही यातली सर्वांत चकवणारी भावना. भांडणानंतरची जवळीक गोड असते असे सिनेमा सांगतो. ती कधी असतेही, कारण दुरावा संपल्याचा दिलासा त्यात मिसळलेला असतो. पण भांडण मिटलेच नसेल आणि शरीरसंबंधाने त्यावर पांघरूण घातले असेल, तर तो पुन्हा टाळण्याचाच हेतू झाला. बंगालच्या वैष्णव परंपरेने या क्षेत्राचा बारकाईने विचार केला होता. सोळाव्या शतकातील रूप गोस्वामी यांच्या 'उज्ज्वलनीलमणि' या ग्रंथात विरहाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत पूर्वराग, प्रेमवैचित्त्य आणि प्रवास यांच्या बरोबरीने 'मान' म्हणजे रुसवाही आहे. रुसलेल्याची समजूत कशी काढावी हाही तेथे शास्त्राचा विषय आहे. आजच्या समुपदेशकाला वेगळ्या भाषेत तेच काम करावे लागते: आधी मनाची समजूत, मग बाकीचे.

ताणाला तोंड देण्याच्या मानसशास्त्राचा पाया रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ च्या ग्रंथात घातला. माणूस ताणाला दोन तऱ्हांनी भिडतो. एक, अडचण सोडवण्याचा प्रयत्न करून. दोन, अडचणीमुळे उठलेल्या भावना आवरून. पगार पुरत नसेल तर दुसरे काम शोधणे ही पहिली तऱ्हा, आणि मित्राशी बोलणे, देवळात जाणे, दारू पिणे किंवा जोडीदाराच्या कुशीत शिरणे ही दुसरी. दुसऱ्या तऱ्हेत वाईट असे काही नाही. मृत्यू, आजार, वार्धक्य अशा न सुटणाऱ्या अडचणींपुढे तीच उपयोगी पडते. प्रश्न इतकाच की शरीरसंबंध हा ताणावरचा उपाय म्हणून चालतो का.

इस्रायलमधील त्साखी आयन-डोर आणि गिलाड हिर्शबर्गर यांनी २०१२ मध्ये जोडप्यांच्या दैनंदिन नोंदींवरून याचे उत्तर दिले. शरीरसंबंधानंतर दुसऱ्या दिवशीचा ताण उतरलेला दिसला, पण केवळ समाधानी नात्यांत. जेथे नातेच कुरकुरते होते तेथे तो उतारा लागू पडला नाही. म्हणजे ताणावर औषध म्हणून जे दिले जाते ते औषध नात्याच्या भांड्यातूनच द्यावे लागते, आणि भांडेच फुटके असेल तर उपयोग नाही.

स्वित्झर्लंडमधील गी बोडेनमान यांचे काम याच्या पुढे जाते. त्यांच्या मते विवाहित माणसाचा ताण कधीच त्याच्या एकट्याचा राहत नाही. कचेरीतला साहेब, लोकलची गर्दी, मुलाची परीक्षा, सासऱ्यांचे आजारपण हे सगळे बाहेरचे असते. ते घरात येते आणि दोघांमधल्या कुरबुरीत रूपांतरित होते. लैंगिक समाधानाला सर्वांत जास्त खाते ती ही आतली कुरबूर. मोठ्या आपत्ती त्या मानाने कमी नुकसान करतात, कारण आपत्ती दिसते, तिला नाव असते आणि लोक मदतीला येतात. रोजच्या किरकोळ ताणाला नाव नसते. म्हणून बोडेनमान जोडप्याने मिळून ताणाला भिडण्यावर भर देतात: एकाने ताण सांगायचा, दुसऱ्याने लगेच सल्ला न देता ऐकायचे, मग शक्य असेल ते ओझे वाटून घ्यायचे.

कोलकात्याने या प्रक्रियेचे एक उत्तम चित्र जगाला दिले आहे. नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी १९६३ मध्ये 'महानगर' हा चित्रपट काढला. सुब्रत मजुमदार बँकेत नोकरीला आहे, घरात आईवडील, बहीण, लहान मुलगा, पगार पुरत नाही. पत्नी आरती घरोघरी जाऊन विणकामाची यंत्रे विकण्याची नोकरी धरते. अडचण सोडवण्याची तऱ्हा म्हणून ते योग्यच, पण तिचा आत्मविश्वास वाढतो तसा सुब्रतच्या मनात संशय आणि न्यूनगंड वाढतो. तो तिला राजीनामा द्यायला सांगतो, आणि त्याच दिवशी त्याची बँक बुडते. रायांनी पडद्यावर शरीरसंबंधाचा एक शब्दही न काढता नवरा-बायकोमधली ओढ कशी आटते ते दाखवले: ती घरात लिपस्टिक लपवते, तो बिछान्यावर दिवसभर पडून राहतो. बाहेरचा ताण आत शिरतो तो असा. अखेरीस दोघेही बेरोजगार असतात आणि तरी पुन्हा एका बाजूला येतात, कारण ती एका सहकारिणीवरील अन्यायामुळे नोकरी सोडते आणि तो तिची बाजू घेतो. पैशाची अडचण तशीच राहते; बदलते ती अडचणीला भिडण्याची रीत.

चित्रपटातल्या घरासारखी लहान घरे आणि मोठी कुटुंबे हा कोलकात्याचा आजही खरा प्रश्न आहे, मुंबईच्या चाळी-झोपड्यांइतकाच. २०११च्या जनगणनेनुसार कोलकात्यात दर चौरस किलोमीटरला सुमारे २४ हजार माणसे राहत होती. पुस्तके लैंगिक प्रेरणेबद्दल बोलताना एक बंद दार गृहीत धरतात. ज्या घरात एका खोलीत तीन पिढ्या झोपतात, तेथे आवाज होईल, मूल जागे होईल, सासू उठेल ही भीती कायम ब्रेकवर पाय ठेवून असते. अशा जोडप्यात इच्छा कमी आहे असे म्हणणे धाडसाचे. इच्छेला जागा कमी आहे इतकेच म्हणता येते. आणि जागेबरोबर वेळही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले, पुरुष ९७ मिनिटे. पाच तास घरकाम आणि वर नोकरी करून रात्री अकराला अंथरुणावर टेकणाऱ्या बाईच्या 'थंडपणा'चे कारण शोधायला नेणिवेत उतरण्याची गरज नाही. घरकामाची विषम वाटणी आणि स्त्रीची घटलेली इच्छा यांचा संबंध अलीकडच्या संशोधनातही दिसून आला आहे.

स्त्रियांच्या इच्छेबद्दलचा आणखी एक जुना गैरसमज कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये दूर केला. त्याआधीच्या प्रारूपांत इच्छा आधी, उद्दीपन नंतर असा सरळ क्रम होता. बॅसन यांनी दाखवले की दीर्घ सहवासातल्या पुष्कळ स्त्रियांच्या, आणि अनेक पुरुषांच्याही, बाबतीत क्रम गोल असतो: सुरुवातीला ओढ नसते, पण जवळिकीची तयारी असते, स्पर्श, गप्पा, सुरक्षितता मिळाली की उद्दीपन होते आणि त्यातून इच्छा जागी होते. लग्नाच्या दहाव्या वर्षी आपोआप ओढ वाटत नाही म्हणून प्रेम संपले असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. अर्थात तयारी ही स्वखुशीची हवी. तिच्या नावाखाली जबरदस्ती खपवता येत नाही.

ओढीची ही घडण बालपणापर्यंत मागे जाते, असे जॉन बोल्बी यांच्या अनुबंध सिद्धांताचे म्हणणे. १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी तो प्रौढांच्या प्रेमाला लावला. आपण टाकले जाऊ या धास्तीत असणारी माणसे शरीरसंबंधातून आश्वासन शोधतात आणि नकार जिव्हारी लावून घेतात. जवळिकीचीच अडचण वाटणारी माणसे शरीराने जवळ येतात पण मनाने अंतर राखतात, किंवा दोन्ही टाळतात. अशा दोन स्वभावांची जोडी पडली की एक पाठलाग करतो आणि दुसरा पळतो.

कधी लैंगिकता स्वतःच ताणाचे रूप घेते. वीर्य गेल्याने शक्ती जाते या समजुतीतून येणारी चिंता, थकवा आणि खिन्नता यांना डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये धात विकार असे नाव दिले. तरुण नवऱ्यांमध्ये तो अजूनही सर्रास दिसतो, आणि भिंतीवरच्या जाहिरातींवर जगणाऱ्या भोंदूंचे दुकान त्यावरच चालते. १९८२ मध्ये आसाम आणि उत्तर बंगालमध्ये लिंग आत ओढले जाऊन मृत्यू येईल या भीतीची साथच पसरली होती. कोलकात्यातील मानसोपचारतज्ज्ञ अजिता चक्रवर्ती यांनी तिची नोंद केली. याच चक्रवर्तींनी कोलकात्यातील सामाजिक ताण आणि मानसिक आरोग्य यांवर केलेला क्षेत्रीय अभ्यास १९९० मध्ये पुस्तकरूपाने आला. साथीमागची भीती खोटी होती, पण तिने झालेला त्रास खरा होता.

राहिला 'किती वेळा' हा प्रश्न. तीस हजारांहून अधिक अमेरिकनांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६च्या अभ्यासात जोडप्यांचे समाधान आठवड्यातून एकदापर्यंत वाढत जाते आणि त्यापुढे थबकते असे दिसले. २०१५च्या एका प्रयोगात काही जोडप्यांना तीन महिने शरीरसंबंध दुप्पट करायला सांगितले. त्यांचा आनंद वाढला नाही, उलट इच्छा आणि गोडी घटली. सांगितल्यावरून केलेल्या गोष्टीत स्वतःचा हेतू उरत नाही. दुसरीकडे २०१७च्या नवविवाहितांच्या अभ्यासात एका संबंधानंतरचे समाधान सुमारे ४८ तास टिकलेले आढळले. तेव्हा रोजचा आकडा गाठण्याची धडपड निरर्थक आहे.

इच्छा अचानक आणि बराच काळ कमी झाली असेल तर मनाचा विचार करण्याआधी शरीराची तपासणी करावी. मधुमेह, थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, बाळंतपणानंतरचा काळ, रजोनिवृत्ती, दारू, आणि रक्तदाबावरची काही औषधे यांचा कामेच्छेवर थेट परिणाम होतो. नैराश्यावरची बरीच औषधेही इच्छा कमी करतात, आणि नैराश्यही ती कमी करते. दोन्हींत फरक करणे हे डॉक्टरांचे काम आहे. ही औषधे संकोचापोटी स्वतःहून बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येते, आणि असे सांगणारे रुग्ण त्यांना रोज भेटत असतात.